गोदावरीची रेती कुठवर जाते?

नांदेडच्या गोवर्धन घाटावर दिवा सोडायला आलेल्या कुटुंबातलं एखादं पोर हमखास विचारतं, "हा दिवा जाईल कुठं?" मोठी माणसं "समुद्रात" म्हणून मोकळी होतात. कुठल्या समुद्रात, असं पुढं विचारलं की मात्र घोडं अडतं. नांदेड-लातूरकरांच्या ओळखीचा समुद्र म्हणजे गणपतीपुळे, अलिबाग, नाहीतर गोवा. सुट्टीत आपण पश्चिमेला जातो आणि आपली नदी वर्षभर पूर्वेला जात असते. ती समुद्राला जिथं मिळते ती जागा आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेली असते.

त्या जागी वाळूचा लांबलचक किनारा आहे. बराचसा मोकळा, हॉटेलं आणि पाण्यातल्या स्कूटरी यांच्यापासून दूर. अशा किनाऱ्याला आपण चटकन 'नैसर्गिक' म्हणतो आणि मनात अर्थ धरतो तो 'स्वच्छ' असा. पण प्लॅस्टिक वेचून किनारा स्वच्छ करता येतो, त्यानं तो नैसर्गिक होत नाही. नदीमुखावरचा किनारा शाबूत आहे की नाही हे ठरतं ते त्याला नदीकडून वाळू मिळते की नाही यावर. ती वाळू निघते कुठून, वाटेत कोण अडवतं आणि तिच्यात आपल्या भागाचा वाटा किती, ते क्रमानं पाहू.

१. उतार कुणीकडे?

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर आहे. तरी गोदावरी तिकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कारण साधं आहे. दख्खनचं पठार पश्चिमेला उचललेलं आणि पूर्वेला कललेलं आहे.

लातूरची मांजरा हाच उतार धरते, पण वळसा घालून. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. लातूर, बीदर, मेडक करत आधी आग्नेयेला जाते आणि मग उत्तरेला वळून बिलोली तालुक्याच्या कडेनं परत वर येते. धर्माबाद-बासरच्या टापूत कंदकुर्तीला ती गोदावरीत मिसळते. म्हणजे लातूरकर आणि नांदेडकर यांचा समुद्र एकच.

आता थोडं गणित. नांदेडजवळ नदी समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर उंचीवर आहे. तिथून मुख नदीच्या वाटेनं साडेआठशे किलोमीटरांच्या आसपास. ३५० ला ८५० नं भागा. किलोमीटरमागे चाळीस-एक सेंटिमीटर, म्हणजे हातभरसुद्धा उतार नाही! एवढ्याशा उताराच्या जोरावर सगळं पाणी चाललेलं आहे. पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं वाहतं असं धरलं, आणि वाटेत एकही धरण नाही असं समजलं, तर नांदेडहून निघालेलं पाणी दहा दिवसांत समुद्राला पोहोचेल. रेतीचं तसं नाही. ती फक्त पुरात हलते, पूर ओसरला की जिथं असेल तिथं बसते आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहते. एखादा कण समुद्रापर्यंत जायला किती पावसाळे लागत असतील याचा हिशोब माणसाच्या आयुष्यात मावणारा नाही.

२. काळी माती, लाल रेती

नदी पाण्याबरोबर दोन गोष्टी डोळ्यांना दिसतील अशा नेते. जड कण तळाशी घरंगळत जातात, ती रेती. हलके कण पाण्यात तरंगत जातात, तो गाळ. कुठल्या नदीत काय जास्त, हे तिच्या खोऱ्यातला खडक ठरवतो.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा, आपल्या बोलीत काळ्या पाषाणाचा. हा खडक झिजला की त्याची शेवटी काळी माती होते. टिकाऊ, चांगली वाळू व्हायला गारगोटीचे कण लागतात आणि बेसॉल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसतेच. म्हणून लातूरच्या मांजरेत किंवा परभणीकडच्या गोदेत जोर गाळाचा.

पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला काळ्या पाषाणाचा थर संपतो आणि खालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. देगलूर-बिलोलीकडे गोल गुळगुळीत धोंड्यांच्या टेकड्या दिसतात त्या याच खडकाच्या. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी भरपूर आणि तांबूस रंगाचं फेल्डस्पार नावाचं खनिजही भरपूर. बिलोली तालुक्यातल्या मांजरेच्या लाल रेतीला बांधकामवाल्यांत एवढा भाव का, याचं उत्तर या खडकात आहे. ती रेती टोकदार, टणक आणि मातीपासून मोकळी असते.

हे पडताळून पाहायला प्रयोगशाळा नको. बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक कागदात गुंडाळा आणि कुठल्याही बांधकामावरच्या नदीच्या रेतीत दोन-चार वेळा फिरवा. कागदावर बारीक काळ्या कणांची लव उभी राहते. चुंबक कागदातून काढून घेतलं की ते कण झरकन खाली पडतात. हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं एक खनिज. काळ्या पाषाणात ते असतं, ग्रॅनाइटातही थोडं असतं. पाषाणातलं बाकीचं कुजून माती झालं तरी हे कण बराच काळ टिकतात. हा प्रयोग लक्षात ठेवा, समुद्रावर तो पुन्हा करायचा आहे.

आपली काळी मातीही मागे राहिलेली नाही. गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळाच्या एका लांब नळीचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. खालचा थर जुना, वरचा नवा, असं ते वाचन असतं. गेल्या चारेक हजार वर्षांत दख्खनच्या काळ्या खडकातून आलेल्या गाळाचं प्रमाण वाढत गेल्याचं त्यात दिसलं. हवा कोरडी होत गेली, झाडी विरळ झाली आणि प्रवरेकाठच्या दायमाबादसारख्या वस्त्यांच्या काळापासून नांगराखालची जमीन वाढत गेली, अशी त्याची संगती लावली जाते. बांधावरून वाहून गेलेली माती 'वाया गेली' असं आपण म्हणतो. ती कुठं गेली याची नोंद मात्र समुद्राच्या तळाशी राहिलेली आहे.

३. मुखाशी उफणणी

राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला गोदावरी सपाटीवर उतरते. इथून समुद्र सत्तर-ऐंशी किलोमीटर आणि उतार सगळा मिळून दहा-बारा मीटर. नदीच्या पायातली ताकद गेली. ती फाटे फोडते: पूर्वेला गौतमी, पश्चिमेला वसिष्ठा, मध्ये वैनतेय. गौतमी यानमजवळून जाते, वसिष्ठा अंतर्वेदीला समुद्राला मिळते.

मुखाशी काय होतं ते शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. खळ्यावर उफणताना वाऱ्यात टोपलं धरलं की दाणे पायाशी पडतात आणि भुसा लांब उडतो. वाहतं पाणी समुद्राच्या उभ्या पाण्याला भिडलं की तेच होतं. जड रेती तोंडाशीच बसते, बारीक वाळू थोडी पुढं, आणि गाळ आत समुद्रात किंवा शांत पाण्याच्या कोपऱ्यात. खारं पाणी लागलं की गाळाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि लवकर खाली बसतात. म्हणून मुखाजवळ एका अंगाला लखलखीत वाळू आणि दुसऱ्या अंगाला गुडघाभर चिखल, असा जोडीचा प्रकार दिसतो. वाळूवर कासवं येतात, चिखलात खारफुटी रुजते. काकीनाड्याजवळचं कोरिंगा अभयारण्य या दुसऱ्या प्रकारातलं. १९७८ साली जाहीर झालेलं, सुमारे २३५ चौरस किलोमीटरांचं. पाणमांजरं आहेत, आणि मासे मारून खाणारं रानमांजरही.

वर्षानुवर्षं असं साठत गेलं की किनाराच समुद्रात सरकतो आणि त्रिभुज प्रदेश तयार होतो. कोनसीमा नावाचा नारळ-भाताचा सगळा मुलूख गोदावरीनं असा घडवला आहे. तिथं समुद्रापासून बरंच आत वाळूचे लांब, ठेंगणे उंचवटे किनाऱ्याला समांतर पसरलेले आहेत. त्यांच्यावर गावं वसली आहेत, नारळाच्या बागा आहेत. ते उंचवटे म्हणजे एकेकाळच्या पुळणी, समुद्र मागं हटताना सोडून गेलेल्या.

मग कोकणात असे त्रिभुज प्रदेश का नाहीत? तिथल्या नद्यांची लांबीच थोडी. सावित्री महाबळेश्वरला निघते आणि शंभर-एक किलोमीटरांत बाणकोटला समुद्रात. गाळ साठवायला खोरं लहान, आणि भरती मोठी. अमावस्या-पौर्णिमेला कोकणात पाणी अडीच-तीन मीटर चढतं-उतरतं, आंध्रच्या या किनाऱ्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. मोठी भरती नदीचं तोंड दिवसातून दोनदा धुऊन काढते, म्हणून कोकणात खाड्या. पण खाडीच्या तोंडालगत वाळूची सुरेख पट्टी कोकणातही बसते. बाणकोट खाडीच्या दक्षिणेला वेळास आहे, जोग नदीच्या मुखाशी आंजर्ले, भारजेच्या मुखाशी केळशी. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखली. तिथं राहायची सोय म्हणजे गावातली घरंच. आपल्याकडच्या सहलींच्या बस गणपतीपुळ्यालाच का थांबतात हे एक कोडंच आहे.

४. वाळूचा किनारा बसून राहत नाही

किनारा म्हणजे वाळूचा कायमचा ढीग, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. लाटा क्वचितच सरळ येतात, बहुधा तिरक्या येतात. तिरकी लाट वाळूचा कण तिरका वर ढकलते आणि परतताना उताराच्या ओढीनं सरळ खाली आणते. कण होता तिथून हातभर बाजूला पडला. हेच दिवसभर, वर्षभर चालू राहतं आणि सगळा किनारा बाजूला चालू लागतो.

आंध्रच्या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जोरावर वाळूची ही चाल वर्षाच्या हिशोबात उत्तर-ईशान्येकडे असते. गौतमीच्या मुखाजवळून निघालेल्या वाळूनं गेल्या दीड-दोनशे वर्षांत काकीनाड्यासमोर सोळा-सतरा किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा उभा केला आहे. त्याच्या उत्तर टोकाला होप आयलंड म्हणतात. या दांड्याच्या आडोशानं काकीनाड्याचं बंदर वादळी लाटांपासून वाचतं. २००४ च्या डिसेंबरात सुनामी आली तेव्हाही त्याचा आधार झाला. एकाही अभियंत्यानं न बांधलेली भिंत आहे ही.

किनाऱ्याचा जमाखर्च यातून सरळ मांडता येतो. नदी आणते ती जमा, लाटा नेतात तो खर्च. जमा थांबली तरी खर्च थांबत नाही, कारण लाटांना धरण लागत नाही.

५. मधल्या धरणांचा हिशोब

नांदेडची रेती आज समुद्रापर्यंत पोहोचते का? स्पष्टच सांगायचं तर नाही.

वरून मोजू. पैठणला १९७६ पासून नाथसागर. नांदेडला विष्णुपुरी. धर्माबाद तालुक्यात बाभळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतात. नेमके रेती हलण्याचे महिने! पण त्याचा उपयोग थोडाच. बाभळी ओलांडली की नदी लगेच पोचंपाडच्या, म्हणजे श्रीरामसागरच्या, उभ्या पाण्यात शिरते आणि रेती तिथंच खाली बसते. मांजरेची कथा याहून बिकट. धनेगावचं धरण, पुढं तेलंगणात सिंगूर, मग १९३१ चं निझामसागर. लातूरची रेती एवढ्या उंबरठ्यांवरून पार होत नाही. खालच्या अंगाला थोडी मिळते ती बिलोलीच्या घाटांवर उपसली जाते आणि उरलेली शेवटी पोचंपाडलाच.

मोजमाप आपल्या भाषेत, म्हणजे ब्रासमध्ये करू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. धरणाचं माप टीएमसी, म्हणजे १०० कोटी घनफूट. तेव्हा एक टीएमसी बरोबर एक कोटी ब्रास. श्रीरामसागरची मूळ क्षमता ११२ टीएमसी होती, १९९४ च्या मोजणीत ती ९० च्या आसपास आली. बावीस टीएमसी जागा गाळ आणि रेतीनं खाल्ली. हे झाले बावीस कोटी ब्रास. पाच ब्रासचा हायवा धरला तर चार कोटी चाळीस लाख खेपा. त्यातला पुष्कळसा भाग चिखलाचा, बांधकामाच्या कामाचा नाही हे खरं. पण समुद्रापर्यंत जायचं होतं ते गेलं नाही, हेही खरं.

मुखाजवळचे आकडे याला जुळतात. धवळेश्वरमपाशी नदी १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी १५ कोटी टनांच्या आसपास तरंगता गाळ आणत होती. २००० नंतरच्या सहा-सात वर्षांत तो सहा कोटी टनांच्या आत आला. उपग्रहांच्या चित्रांची तुलना करून झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यावर अठरा चौरस किलोमीटरांहून जास्त जमीन निव्वळ घटली. काही ठिकाणी किनारा वाढलाही, पण गेली त्यापेक्षा कमी.

यावरून धरणं वाईट असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेल्या लातूरला असं सांगायला जीभ रेटणार नाही. कोनसीमेचं ऐश्वर्यही धरणातूनच आलेलं आहे. आर्थर कॉटननं १८५२ मध्ये धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला म्हणून तिथं भाताची दोन पिकं निघू लागली. पण वाळूउपशाचा प्रश्न वेगळा. तराफे आणि सक्शन पंप लावून पात्रात खोल खड्डा केला की पुढच्या पुराची रेती आधी तो खड्डा भरते, मगच पुढं सरकते. खड्डा आपल्या गावात पडतो आणि विहिरींचं पाणी खाली जातं ते आधी आपल्याच गावात. किनाऱ्यापर्यंतची गोष्ट त्यानंतरची.

मग मुखावर आज वाळू आहे ती कुणाची? बरीचशी प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी यांची. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, म्हणजे विदर्भातल्या वर्धा-वैनगंगेचं पाणी त्यात आलं. या नद्या जुन्या, गारगोटीवाल्या खडकांतून येतात आणि पाणीही दांडगं आणतात. १९८६ च्या ऑगस्टमध्ये धवळेश्वरमला ३५ लाख क्युसेकचा पूर आला होता, तो मुख्यतः या खालच्या खोऱ्याचा जोर.

६. जाऊन पाहायचं तर

नगरसोल-नरसापूर गाडी नांदेडवरून जाते आणि थेट वसिष्ठेच्या काठावर नेऊन सोडते. नरसापूर हे शेवटचं स्टेशन. नदी ओलांडायला सखिनेटीपल्लीची फेरी आहे. माणसं, मोटारसायकली, जीपगाड्या, सगळं एकाच बोटीवर. पलीकडून अंतर्वेदी. तिथं लक्ष्मीनरसिंहाचं मोठं देऊळ आहे, माघात भीष्म एकादशीला रथोत्सव असतो. त्या दिवसांत किनारा पाहायला जाऊ नये, माणसंच दिसतील. देवळापासून पुढं संगमाच्या टोकाकडे चालत गेलं की गर्दी मागं पडते.

आधी कुठं उभं राहावं? टोकावर, जिथं डाव्या-उजव्या हातांना नदी आणि समुद्र दोन्ही दिसतील. ओहोटीच्या वेळी नदीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं हिरवट पाणी यांच्या मध्ये फेसाची नागमोडी रेघ दिसते. नदीच्या अंगाची वाळू जाडसर, पायाला टोचणारी. समुद्राच्या अंगाची बारीक, एकसारखी. उफणणीचा निकाल पायाखालीच असतो.

मग लाटा परतताना मागं राहणाऱ्या काळ्या पट्ट्या शोधा. ही घाण नाही आणि तेलही नाही. हलकी वाळू लाटेबरोबर गेली आणि जड खनिजं मागं राहिली. चुंबक आणलं असेल तर इथं फिरवा, मॅग्नेटाइटची लव लगेच उभी राहील. न चिकटलेल्या कणांत लालसर दिसतात ते गार्नेट, पूर्व घाटाच्या खडकांतले.

ओहोटीनं उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल. छोट्या खेकड्यांचं काम ते. खेकडा बिळातून निघतो, वाळू तोंडाला लावून तिच्यातला खाण्याजोगा अंश चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतो. पाच-दहा मिनिटं न हलता बसलात तर डोळ्यांदेखत गोळ्यांची रांग वाढत जाते. हललात की सगळे बिळात गुडुप. भरतीच्या रेषेच्या वर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. ती वाळू धरून ठेवते, तेव्हा फोटोसाठी तिच्यावर गाडी घालू नये. जानेवारी ते मार्च हे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याचे दिवस. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरावर अंडी घालते आणि परत जाते. त्या काळात रात्री किनाऱ्यावर बॅटरी मारत फिरणं टाळावं, उजेड दिसला की मादी अंडी न घालताच माघारी वळते.

पाण्यात उतरायचा मोह होईल. नदीच्या तोंडाशी तो आवरायचा. ओहोटीला समुद्राचं उतरतं पाणी आणि नदीचं वाहतं पाणी एकाच दिशेला ओढतात, आणि तळाची वाळू रोज जागा बदलत असल्यानं काल गुडघाभर होतं तिथं आज बुडण्याइतकं असू शकतं. गोदेत पोहायला शिकलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हे लागू आहे. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यांना विचारून घ्यावी. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, त्यामुळे काल ऐकलेली वेळ आज चालत नाही.

जाण्याचा काळ नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबर चक्रीवादळांचे महिने आहेत, निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहावा. जुलै-ऑगस्टमध्ये पूर पाहण्याच्या हौसेनं जाऊ नये. त्या वेळी नदी चढलेली असते, फेरी बंद ठेवावी लागते आणि टोकाकडची वाळू पाण्याखाली असते.